मूल पुढे, आपण मागे: मुलांच्या वाढीसाठी नृत्य-हालचाल उपचारांचा घरी उपयोग

‘मुलाला नाचाच्या क्लासला घातले आहे’ असे मुंबईत कोणी म्हटले की शाळेचे स्नेहसंमेलन, रांगेत उभी असलेली मुले आणि पडद्याआडून हातवारे करून पावलांची आठवण देणाऱ्या बाई डोळ्यांसमोर येतात. त्या नृत्याचे मोल आहेच. नृत्य-हालचाल उपचारपद्धतीचा, म्हणजे आपल्याकडे डान्स मूव्हमेंट थेरपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा, रोख मात्र निराळा आहे. नृत्यवर्गात मूल शिक्षकाची पावले उचलते. या पद्धतीत मोठे माणूस मुलाची हालचाल उचलते, ती त्याच्यासोबत करते आणि मुलाला हळूहळू हालचालींच्या नव्या वाटा खुल्या करून देते. पुढे दिलेली प्रत्येक सूचना या एका गोष्टीवर उभी आहे, आणि तिचा विसर पडला तर सांगितलेले सर्व खेळ केवळ व्यायाम होऊन राहतील.

या पद्धतीची पायाभरणी अमेरिकेत मॅरियन चेस या नर्तिकेने केली. वॉशिंग्टनमधील सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात 1942 साली त्यांनी मनोरुग्णांसोबत काम सुरू केले. जे रुग्ण बोलत नव्हते त्यांच्यापुढे बसून त्या त्यांच्या श्वासाची, बोटांच्या चाळ्यांची, झुलण्याची लय आपल्या शरीरात घेत आणि तेथूनच संवादाला आरंभ करीत. 1966 साली अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली आणि चेस तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. भारतात कोलकाता संवेद या संस्थेने हिंसाचारातून सुटलेल्या मुली व स्त्रियांसोबत या पद्धतीने दीर्घकाळ काम केले असून, मुंबईत देवनार येथील टाटा समाजविज्ञान संस्थेने तिच्या सहकार्याने या विषयाचे शिक्षण दिले आहे.

पालकांना हे स्पष्ट असावे की घरी जे करता येते ती थेरपी नव्हे. थेरपी प्रशिक्षित व्यक्तीच करते. तिची काही तत्त्वे उचलून आपण मुलासोबत रोजचा थोडा वेळ अर्थपूर्ण करू शकतो, आणि त्याचा उपयोग वाढीत अडथळा असलेल्या मुलांइतकाच इतर मुलांनाही होतो.

हालचालीने वाढीला हातभार का लागतो

बाळ बोलण्याच्या पुष्कळ आधी शरीराने जग समजून घेते. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा डोके कोणत्या दिशेने व किती वेगाने हलते आहे हे मेंदूला कळवीत असते. स्नायू आणि सांधे हात-पाय कोठे आहेत व किती जोर लागतो आहे याची वर्दी देत असतात. या दोन्ही जाणिवा पक्क्या नसतील तर मूल खुर्चीत नीट बसू शकत नाही, पेन्सिल एक तर फार दाबून धरते किंवा ती त्याच्या हातून निसटते, जिना उतरताना अडखळते, आणि वर्गात त्याच्यावर ‘लक्ष नसलेला’ असा शिक्का बसतो. वळणे, लोळणे, ढकलणे, उड्या मारणे, तोल सावरून थांबणे यांतून या जाणिवांना रोजचा सराव मिळतो.

दुसरा धागा लयीचा आहे. नवजात बाळाच्या मेंदूलाही तालातील ठोका गळल्याचे जाणवते, असे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. 2014 साली कॅनडातील संशोधकांनी चौदा महिन्यांच्या बाळांना कडेवर घेऊन संगीताच्या तालावर झुलवले. काहींच्या समोरची व्यक्ती त्यांच्याच लयीत झुलत होती, तर काहींच्या समोरची वेगळ्या लयीत. नंतर त्या व्यक्तीच्या हातून वस्तू पडली तेव्हा एका लयीत झुललेली बाळे ती उचलून देण्यास अधिक प्रमाणात पुढे आली. सोबत झुलण्यातून आपुलकी निर्माण होते हे आपल्या आज्यांना संशोधनाशिवाय ठाऊक होते. पण आज घरातला तेवढाच वेळ मोबाइलने घेतलेला असताना ही गोष्ट पुराव्यानिशी सांगावी लागते.

या पुराव्याची मर्यादाही सांगणे हे कर्तव्य आहे. नैराश्यावर या उपचाराचा किती परिणाम होतो याचा, वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा 2015 सालचा आढावा केवळ तीन चाचण्या व 147 व्यक्तींवर आधारलेला होता. त्यांत किशोरवयीन फक्त 40 होते, आणि त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही असेच आढाव्याने म्हटले. म्हणून स्पीच थेरपी, फिजिओथेरपी किंवा औषधे थांबवून कोणी केवळ नृत्यावर विसंबू नये. इतर उपचारांच्या जोडीने ही पद्धत वापरावी.

आरंभ करण्यापूर्वी

मुलाला काही आजार वा अपंगत्व असेल तर आधी डॉक्टरांना व फिजिओथेरपिस्टना विचारावे. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो, त्यामुळे कोलांट्या, डोक्यावर भार देणे आणि मानेला हिसका बसेल असे खेळ डॉक्टरांच्या परवानगीवाचून करू नयेत. फिट येणाऱ्या मुलांसमोर लुकलुकणारे दिवे लावू नयेत. पाच वर्षांखालील कोणत्याही मुलाला मनगटाला धरून झटक्याने उचलू नये किंवा गरगर फिरवू नये, कारण कोपराचे हाड जागेवरून सरकू शकते. मौजेत हे फार सहज घडते.

जागेची अडचण मुंबईत सगळ्यांनाच आहे. बीडीडी चाळीतली मूळ खोली 160 चौरस फुटांची, आणि तीतही पलंग, कपाट व स्वयंपाकाची जागा. तरीही या कामाला चटई अंथरण्याइतकी मोकळी जमीन पुरते, कारण येथे अंतर कापायचे नसते. गुळगुळीत लादीवर मोजे घालू नयेत, अनवाणी राहावे. खालच्या मजल्यावर वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर उड्यांचा भाग सोसायटीच्या आवारात अथवा बागेत करावा आणि घरात जमिनीलगतच्या हालचाली ठेवाव्यात. पावसाळ्यात बाहेर जाणे बंद होते तेव्हा तर या घरगुती वेळेची मुलांना अधिकच गरज असते. मात्र या वेळेने मैदानावरच्या खेळाची जागा घेऊ नये: जागतिक आरोग्य संघटना 1 ते 4 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटांची आणि 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल सुचवते.

पंधरा ते वीस मिनिटे पुरेशी आहेत. वेळ रोज एकच असावी, जेवणानंतर लगेच नसावी, आणि त्या वेळात घरातील सर्वांचे फोन दूर असावेत. संगीत लावायचेच असेल तर एका ठेक्याचे, शब्द नसलेले, मंद आवाजातले लावावे. स्टीलचा डबा किंवा ढोलकी हाताशी असेल तर ते अधिक चांगले, कारण मूल थांबले की ठेकाही थांबवता येतो आणि मूल धावले की तोही धावतो.

प्रत्यक्ष वेळ कसा घालवावा

चेस यांच्या पद्धतीत प्रत्येक सत्राचे तीन टप्पे असत: शरीर जागे करणे, त्यातून जो विषय वर येईल तो फुलवणे, आणि शांतपणे समारोप करणे. घरीही हाच क्रम राखावा. आरंभ रोज एकसारखा असू द्यावा. चटईवर समोरासमोर बसून तळवे घासून गरम करावेत, ते गालांवर ठेवावेत, मग खांदे, पोट, गुडघे, पावले यांवर हलकेच थापट्या माराव्यात आणि त्या त्या अवयवाचे नाव घ्यावे. ओळखीच्या क्रमामुळे मुलाला पुढे काय होणार हे ठाऊक असते आणि ते निर्धास्त होते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी तर हा ठरावीक आरंभ अत्यावश्यक आहे.

त्यानंतर येतो तो या सगळ्याचा गाभा, म्हणजे मुलाची हालचाल आपल्या शरीरात घेणे. थेरपिस्ट याला मिररिंग म्हणतात. हे दिसायला सोपे आहे, पण मोठ्या माणसांना अवघड जाते, कारण काही न शिकवता थांबून राहण्याची आपल्याला सवय नाही. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर, शक्य तर थोडे बाजूला बसावे आणि पहिले एक-दोन मिनिटे केवळ पाहावे. मूल काय करते आहे? झुलते आहे, पाय आपटते आहे, बोटांनी चटईची दोरी उसवते आहे, की भिंतीला पाठ लावून निश्चल बसले आहे? निश्चल बसणे हीदेखील हालचालच आहे, त्यात श्वास असतो. जे दिसेल त्यातली लय आणि जोर आपण उचलायचा असतो. हुबेहूब नक्कल करू नये. चार वर्षांपुढच्या मुलाला ती चिडवल्यासारखी वाटते व मुलाचा विश्वास डळमळतो. मूल पाय आपटत असेल तर आपण त्याच जोराने जमिनीवर तळवा आपटावा. ते झुलत असेल तर आपणही शेजारी बसून त्याच गतीने झुलावे.

काही वेळाने मूल थबकते आणि तिरप्या नजरेने पाहते. हा क्षण मोलाचा असतो. आपल्या हालचालीचे उत्तर समोरून येते आहे हे त्याच्या ध्यानात आलेले असते. त्या वेळी आनंदाने टाळ्या पिटू नयेत, ‘शाब्बास’ म्हणू नये. आपणही थांबावे आणि वाट पाहावी. मूल पुन्हा तीच हालचाल करून पाहील, जरा वेगळी करील, आपली परीक्षा घेईल. अशी आळीपाळी सुरू झाली की संवादाचा पाया पडला असे समजावे. बोलण्यातही एक जण बोलतो, दुसरा थांबतो, मग दुसरा बोलतो. ज्या मुलाला शब्द अजून आलेले नाहीत ते हे शरीराने शिकत असते. येथे ‘वर’, ‘खाली’, ‘हळू’, ‘जोरात’, ‘थांब’ असे एकेकच शब्द हालचालीसोबत उच्चारावेत. लांब वाक्ये त्या वेळी मुलाच्या कानी पोहोचत नाहीत.

स्वमग्न मूल हात फडफडवते किंवा गोल फिरते तेव्हा घरचे ती सवय मोडू पाहतात, शेजाऱ्यांसमोर तर विशेषच. माझे स्पष्ट मत आहे की या वेळेपुरते तरी ती हालचाल थांबवू नये. मुलाला तिच्यातून आधार मिळत असतो. आपण तिच्यात सामील झालो की ती एकट्याची राहत नाही, आणि मग ती थोडी हळू, थोडी मोठी, कधी हातांऐवजी ओढणी फडफडवून करता येते. डोळ्यांत पाहण्याची सक्ती कधीही करू नये. मूल स्वतःला चावत असेल किंवा डोके आपटत असेल तर मात्र ते थांबवणे आणि तज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

मुलाची हालचाल ओळखू येऊ लागली की ती रुंदावण्याचा टप्पा येतो. नृत्य व हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीचे वर्णन करण्यासाठी जी मांडणी केली तिचा येथे फार उपयोग होतो. कोणतीही हालचाल वजनाने हलकी असते किंवा जड, वेळेच्या दृष्टीने अचानक असते किंवा रेंगाळणारी, अवकाशात थेट जाते किंवा चौफेर पसरते, आणि तिचा प्रवाह मोकळा असतो किंवा रोखलेला. प्रत्येक मुलाची यांतली काही घरे ओळखीची असतात आणि काही अजिबात नसतात. दिवसभर पळणाऱ्या, सोफ्यावरून उड्या मारणाऱ्या मुलाची हालचाल बहुधा हलकी, अचानक आणि मोकळी असते. अशा मुलाला ‘शांत बस’ म्हणून काहीच साधत नाही. आधी त्याच्यासोबत जागच्या जागी धावावे, मग पावले जड करावीत, हत्तीसारखी, मग दोघांनी मिळून भिंत सर्व ताकदीने ढकलावी आणि सोडून द्यावी. जोर लावण्याच्या कामानंतर पुष्कळ मुले आपोआप निवतात. याउलट अंग आवळून बसणाऱ्या मुलाशी आरंभ श्वासापासून व बोटांपासून करावा. मूठ घट्ट मिटावी, हळूहळू उघडावी, आणि कोपर, खांदा, पाठ यांच्यापर्यंत ती मोकळीक जाऊ द्यावी, मग त्याला कितीही दिवस लागोत.

थांबण्याचा खेळही याच टप्प्यावर घ्यावा. आपल्या मुलांना ‘स्टॅच्यू’ ठाऊक असतो. डब्याचा ठेका चालू असेपर्यंत हलायचे आणि तो बंद पडला की गोठायचे, यात मूल आपल्या शरीराला स्वतः आवर घालायला शिकते, आणि वर्गात हात वर करून आपली पाळी येईपर्यंत थांबायलाही हाच आवर लागतो. ठेका कधी बंद पडेल हे ठरवण्याचा अधिकार मधूनमधून मुलाला द्यावा.

आपल्या परंपरेत यासाठी तयार सामग्री विपुल आहे, आणि ती सोडून परदेशी व्हिडिओ पाहत बसणे खेदाचे आहे. लंगडीने एका पायावरचा तोल येतो, पण बहुतेक मुलांना एका पायावर उडी मारता येऊ लागते ती चार वर्षांच्या सुमारास, म्हणून त्याआधी हात धरून केवळ एका पायावर उभे राहण्याचा खेळ घ्यावा. टिपऱ्यांमध्ये उजवा हात डावीकडे आणि डावा उजवीकडे जातो. दोन्ही हातांचा असा मेळ पुढे बटणे लावताना व बुटाची नाडी बांधताना कामी येतो. लेझीम सहा-सात वर्षांपुढे, वजनाने हलकी असलेली घ्यावी. फुगडी मात्र या सर्वांत मला श्रेष्ठ वाटते. हातांची अढी घालून दोघांनी मागे रेलायचे असते, आणि समोरच्याचा भार आपण तोलला तरच दोघेही उभे राहतात; विश्वास आणि अंदाज या दोन्ही गोष्टी मूल तेथे बोलण्यावाचून शिकते. लहान मुलासोबत ती बसूनच घ्यावी, समोरासमोर पाय पसरून, हात धरून पुढे-मागे झुलत.

व्हीलचेअरवरच्या मुलासाठी यांतले काहीही वर्ज्य नाही. ज्याची एक भुवईच स्वतःच्या इच्छेने हलते त्याच्या भुवईला ढोलकीने उत्तर द्यावे. ठेका त्याच्या हाती असतो. ऐकू न येणाऱ्या मुलाचे तळवे ढोलकीच्या खोडावर किंवा लाकडी पाटावर ठेवावेत म्हणजे कंपनांतून ताल पोहोचतो. ज्या मुलाने हिंसा किंवा अत्याचार सोसला आहे त्याच्याशी मात्र घरी प्रयोग करू नयेत. स्पर्श, डोळे मिटणे, बंद खोली यांतून जुनी भीती उसळू शकते, आणि ती सावरायला प्रशिक्षित माणूस लागतो. किंबहुना कोणत्याही मुलाला स्पर्श करण्यापूर्वी हात पुढे करून थांबावे आणि त्याने हात दिला तरच धरावा.

समारोप आरंभाप्रमाणेच ठरलेला असावा. मुलाला गोधडीत गुंडाळून, तोंड पूर्ण मोकळे ठेवून, हलकेच दोन्ही बाजूंनी दाबावे, आवडत असेल तरच. मग पाठ टेकून निजावे आणि पोटावर ठेवलेला छोटा रुमाल श्वासासोबत वर-खाली होताना पाहावा. मोठ्या मुलांना ‘आज अंगात कोठे काय वाटते’ असे विचारता येते, पण उत्तराचा आग्रह धरू नये.

गणेशोत्सवाची तयारी

मुंबईत राहून हा विषय टाळता येत नाही. ढोल-ताशांचा आवाज सोसत नाही अशी मुले भाद्रपदात फार हाल सोसतात, आणि त्यांना घरी डांबून ठेवणे किंवा गर्दीत ओढून नेणे हे दोनच मार्ग पालकांना दिसतात. मधला मार्ग महिनाभर आधी आखावा. रोजच्या वेळेत ढोलाचा मुद्रित आवाज अगदी मंद लावावा, मुलासोबत त्यावर पाय आपटावेत, आवाज कमी-जास्त करण्याचे बटण मुलाच्याच हाती द्यावे. मिरवणुकीच्या दिवशी कानांवर संरक्षक लावून दूरच्या गॅलरीतून पाहावे, ओळखीच्या ठेक्यावर पाय आपटावेत, आणि मुलाने ठरलेली खूण करताच निमूटपणे आत यावे.

नोंदी आणि तज्ज्ञांची गाठ

एका वहीत सत्रानंतर दोन-तीन ओळी लिहाव्यात: मुलाने आज काय आपणहून सुरू केले, किती वेळ टिकवले, कोठे मागे सरले. ‘चांगले केले’ असे लिहू नये, कारण त्यातून तज्ज्ञाला काहीच कळत नाही. ‘माझ्याकडे पाहून दोनदा पाय आपटला व थांबला’ हे कळते. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, आलेली कौशल्ये गमावत असेल, किंवा हाक मारल्यावर सातत्याने प्रतिसाद देत नसेल तर वहीत नोंदी करीत न बसता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आणि पालिकेची मोठी रुग्णालये यांत तपासणी होते. ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

थेरपिस्ट निवडताना त्यांचे शिक्षण कोठे झाले, मुलांसोबत प्रत्यक्ष काम किती केले, आणि त्यांच्या कामावर कोणी ज्येष्ठ देखरेख करतात का, हे संकोच न बाळगता विचारावे. चांगली नर्तिका असणे हे थेरपिस्ट होण्यास पुरेसे नाही. पहिल्या भेटीत थेरपिस्ट मुलाला पावले शिकवू लागल्या, रडणाऱ्या मुलाला हाताला धरून गोलात उभे केले, किंवा इतक्या महिन्यांत मूल बोलू लागेल अशी हमी दिली, तर दुसरीकडे जावे. मुलाचे चित्रीकरण आपल्या लेखी संमतीवाचून होऊ देऊ नये. सुमारे तीन महिन्यांनी वही समोर ठेवून त्यांच्याशी बोलावे, ठरवलेल्या हेतूंपैकी कोणते साधले हे पाहावे, आणि साधत नसेल तर हेतू बदलावेत किंवा थांबावे. मूल एखाद्या दिवशी ‘नको’ म्हणाले किंवा पाठ फिरवून बसले तर त्या दिवशी चटई गुंडाळून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच वेळी पुन्हा अंथरावी.